नॉर्थईस्टचा प्लॅन: आधी रस्ते समजून घ्या, तिकिटं नंतर काढा

"आठ दिवस आहेत, शिलाँग, काझीरंगा, तवांग आणि जमलंच तर कोहिमा." असा प्लॅन दर सीझनला कुणी ना कुणी दाखवतं आणि तोपर्यंत विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, तीही गुवाहाटी टू गुवाहाटी, रिफंड न मिळणारी. मग "यात काय कापू?" हा प्रश्न. ठिकाणं सगळी चांगलीच असतात हो, चुकतो तो क्रम. म्हणून इथे कुठे काय बघायचं ते सांगत नाही, फक्त जायचं कसं, फिरायचं कसं आणि कुठलं काम कशाच्या आधी करायचं तेवढंच.

## १. नकाशा बघा, पण अंतर बघू नका

आपला हात पंजा पसरून समोर धरा. तळवा म्हणजे आसाम आणि बोटं म्हणजे अरुणाचलच्या दऱ्या, नागालँड, मणिपूर, मिझोराम, मेघालय. एका बोटाच्या टोकावरून दुसऱ्या बोटाच्या टोकावर जायचं तर बहुतेक वेळा तळव्यावर उतरावंच लागतं. तवांगहून झिरोला जायचंय? दोन्ही अरुणाचलमध्येच आहेत, पण व्यवहारात खाली आसामात उतरून तेजपूर, नॉर्थ लखीमपूरच्या बाजूने पुन्हा वर चढायचं. कोहिमाहून आयझॉल? सरळ गुवाहाटीला या आणि विमान पकडा, रस्त्याच्या नादी लागू नका.

मॅपवर दिसणारे तास डोंगरात खरे नसतात. गुवाहाटी ते तवांग साधारण साडेचारशे-पाचशे किलोमीटर (रस्ता कुठला घेता त्यावर आहे) आणि त्याला दोन पूर्ण दिवस लागतात, एका दिवसात मारू म्हणणारे रात्री नऊ वाजता वाटेतल्या दिरांग गावाच्या अलीकडे कुठेतरी धुक्यात अडकतात. दिमापूर-कोहिमा जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, तरी अडीच-तीन तास धरा. उलट गुवाहाटी-शिलाँग शंभर किलोमीटर, चौपदरी रस्ता, ट्रॅफिक नसेल तर तीन तासांत आरामात.

माझा साधा हिशोब असा: मैदानात तासाला ४० किलोमीटर, डोंगरात २० ते २५, पावसाळ्यात डोंगर नकोच.

इथे थांबून तपासा: तुमच्या प्लॅनमध्ये दोनपेक्षा जास्त "बोटं" आहेत का? दहा दिवसांपेक्षा कमी असतील तर एक बोट आणि थोडा तळवा, बस्स.

सिक्कीम या पंजात येतच नाही, ते सिलिगुडीच्या अरुंद पट्ट्याच्या पलीकडे, पश्चिमेला आहे. त्याचं दार गुवाहाटी नाही, बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपायगुडी स्टेशन. ती वेगळी ट्रिप समजा. जोडायचंच असेल तर न्यू जलपायगुडी ते गुवाहाटी वंदे भारत आहे मे २०२३ पासून, साडेपाच-सहा तासांत पोचवते, पण तरी गंगटोकहून खाली उतरायचा एक दिवस वेगळा जातोच.

## २. महिना ठरवा, मग दार ठरवा

ऑक्टोबर ते एप्रिल हा सोपा काळ. जून ते सप्टेंबर आसामात पूर, डोंगरात दरडी, आणि काझीरंगाची सफारी पावसाळ्यात बंद असते (मेच्या सुमारास बंद, ऑक्टोबरात उघडायला सुरुवात, नेमकी तारीख दरवर्षी वनखातं जाहीर करतं). डिसेंबर ते मार्च तवांगच्या वाटेवर बर्फ. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून १३,७०० फुटांवरचा सेला पास बर्फाने बंद झाला तरी गाड्या सहसा जातात, पण बोगद्याच्या अलीकडचा-पलीकडचा रस्ता गोठायचा तो गोठतोच.

महिना ठरला की दार.

- मेघालय, काझीरंगा, तवांग: गुवाहाटी.
- माजुली (ब्रह्मपुत्रेतलं बेट), शिवसागर: जोरहाट किंवा दिब्रुगढ.
- नागालँड: दिमापूर. विमानाने किंवा रेल्वेने तिथवर यायचं, कोहिमाला पुढे रस्त्यानेच.
- झिरो, इटानगर: होलोंगीचं डोन्यी पोलो विमानतळ (२०२२ ला सुरू झालं) किंवा नाहरलागून स्टेशन.
- मिझोराम: लेंगपुई विमानतळ, आणि सप्टेंबर २०२५ पासून सायरंग स्टेशन, आयझॉलपासून साधारण वीस किलोमीटर.
- त्रिपुरा: आगरतळा, शक्यतो विमानाने.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. जाणं-येणं एकाच विमानतळावरून काढू नका. गुवाहाटीला उतरून दिब्रुगढहून निघालात की परतीचा अख्खा दिवस वाचतो, कारण गुवाहाटी ते दिब्रुगढ हेच साडेचारशेच्या आसपास किलोमीटर आहे. तिकीट हजार-दोन हजाराने महाग पडलं तरी एक हॉटेल आणि एका दिवसाची गाडी वाचते, हिशोब तिथेच फिटतो.

## ३. परमिट: कागद आधी, अर्ज नंतर

अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर (इथे २०१९ च्या डिसेंबरात लागू झालं) या चार राज्यांना इनर लाइन परमिट लागतं, म्हणजे आयएलपी, भारतीयांना त्या राज्यात शिरायचा सरकारी परवाना. आसाम, मेघालय, त्रिपुराला नाही. दिमापूर पूर्वी यातून सुटलेलं होतं आणि जुन्या लेखांत अजून तसंच लिहिलेलं सापडतं, त्यावर जाऊ नका, आता तिथेही लागू आहे.

सिक्कीममध्ये शिरायला आपल्याला परमिट नाही, पण त्सोमगो तलाव, चीनच्या सीमेवरची नथुला खिंड आणि उत्तर सिक्कीमसाठी वेगळी परवानगी लागते, ती नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटमार्फतच निघते आणि गाडीही तिथलीच घ्यावी लागते. नथुला सोमवार-मंगळवार बंद. हे दोन वार लक्षात न ठेवल्यामुळे कितीतरी जणांचा नथुला राहिलाय! आणि ऑक्टोबर २०२३ च्या तीस्तेच्या पुरानंतर उत्तर सिक्कीमचे रस्ते कधी चालू कधी बंद असं चाललंय, त्यामुळे तिथल्या लाचेनच्या मुक्कामाचे पैसे महिना आधी पूर्ण भरून टाकू नका.

क्रम असा ठेवा:

१) तिकिटं काढायच्या आधी सगळ्यांची ओळखपत्रं एका जागी जमवा. व्होटर आयडी किंवा पासपोर्ट हवाच, एकट्या आधारवर विसंबू नका, सिक्कीमच्या परवान्यांना तो अडतो. लहान मुलांचे कागद इथेच विसरतात लोक, जन्मदाखला किंवा शाळेचं ओळखपत्र घ्या.

२) तारखा पक्क्या झाल्या की राज्याच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट असेल तर सकट.

३) परमिटची मुदत तुमच्या प्लॅनपेक्षा दोन दिवस जास्त घ्या. दरड पडली, बंद लागला, की हेच दोन दिवस कामाला येतात. जिथे जायची ठिकाणं विचारली असतील तिथे "जमलं तर जाऊ" वालीही लिहून टाका.

४) तीन-चार रंगीत प्रिंट काढा. अरुणाचलच्या वेशीवर, भालुकपोंगच्या गेटवर फोनमधली पीडीएफ दाखवायची म्हटलं आणि रेंजच नसली तर? प्रिंट काढा.

मिझोरामचं लेंगपुईला उतरल्यावर काऊंटरवरही मिळतं, पण लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्या रांगेत उभं राहायची हौस कशाला.

सावधान: घरातला कुणी परदेशी पासपोर्टवाला किंवा ओसीआय कार्डवाला (भारतीय वंशाचा, पण परदेशी नागरिक) असेल तर त्याला आयएलपी चालत नाही, त्याची परवानगी वेगळी आणि तिला वेळ लागतो. तवांगजवळची बुमला खिंड, नथुला ही सीमेवरची ठिकाणं तर फक्त भारतीय नागरिकांसाठीच. अमेरिकेहून आलेल्या भाच्याला घेऊन जायचा बेत असेल तर हे पहिल्या दिवशीच बघा.

मणिपूरबद्दल एकच सांगतो. मे २०२३ पासून तिथली परिस्थिती सरळ नाहीये, कोहिमाहून रस्त्याने इम्फाळला उतरायचा रोमँटिक प्लॅन सध्या बाजूला ठेवा, आणि जायचंच असेल तर विमानाने इम्फाळ आणि निघायच्या आठवड्यात तिथल्या कुणाशी तरी फोनवर बोलून.

## ४. लांबची तिकिटं

रेल्वे. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून गुवाहाटी-कामाख्याकडे थेट गाड्या आहेत, पण रोज नाहीत, आणि दोन दिवसांच्या वर लागतात. वेळ असेल तर मजा आहे, पण त्याच संध्याकाळी शिलाँगचं हॉटेल बुक करू नका. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश-बिहारच्या धुक्यात गाडी सहा-आठ तास लेट होणं ही बातमीसुद्धा नसते. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस गेले. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता, आणि ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, ते त्या दिवशी सकाळी करायला बसू नका.

स्टेशनांच्या नावात लोक फार फसतात:

- कामाख्या आणि गुवाहाटी ही वेगवेगळी स्टेशनं, मध्ये सहा-सात किलोमीटर. बऱ्याच गाड्या कामाख्यालाच संपतात.
- जोरहाटसाठी बहुतेक लांबच्या गाड्या मरियानीला थांबतात, जोरहाट टाऊनला नाही. मरियानीहून शहर १८-२० किलोमीटर.
- तिनसुकिया आणि न्यू तिनसुकिया, दिब्रुगढ आणि दिब्रुगढ टाऊन: तिकिटावरचं नाव दोनदा वाचा.
- मेघालयात रेल्वेने जायचं म्हणून मेंदीपथार शोधू नका. स्टेशन आहे, पण ते गारो हिल्सच्या टोकाला, शिलाँगशी त्याचा काही संबंध नाही.

आतल्या प्रवासाला मात्र रेल्वे भारी आहे आणि लोक ती विसरतात. गुवाहाटीहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी नाहरलागून. गुवाहाटी-लुमडिंग-दिमापूर-मरियानी-तिनसुकिया या मुख्य लाइनवर गाड्या भरपूर. लुमडिंगहून खाली हाफलाँग-बदरपूरकडे जाणारी डोंगरी लाइन बघण्यासारखी आहे, पण पावसाळ्यात तिच्यावर अवलंबून राहू नका, मे २०२२ मध्ये न्यू हाफलाँग स्टेशन अख्खं चिखलाखाली गेलं होतं.

विमान. दोन वेगळ्या पीएनआरवर कनेक्शन जोडायचं नाही. मुंबई-कोलकाता एक तिकीट, कोलकाता-दिमापूर दुसरं, मध्ये दोन तास. पहिलं लेट झालं की दुसऱ्याचे पैसे गेले आणि कुणी विचारत नाही. एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर मध्ये एक रात्र टाका. शिलाँगचं उमरोई, अरुणाचलमधली तेजू, पासीघाट अशा छोट्या विमानतळांवर उड्डाणं कमी आणि हवामान बिघडलं की रद्द. तिथून निघून त्याच दिवशी मुंबईची फ्लाइट पकडायची हा जुगार आहे. उलट दिशेने, म्हणजे जाताना, तो जुगार खेळला तर एक वेळ चालेल.

इथे थांबून तपासा: परतीच्या मोठ्या फ्लाइटच्या आदल्या रात्री तुम्ही मैदानात आहात का? तेजपूर, गुवाहाटी, दिब्रुगढ, दिमापूर, सिलिगुडी यातलं काहीही चालेल. डोंगरातून सकाळी निघून दुपारची फ्लाइट, हे नको. सिक्कीमवाल्यांनी तर नकोच, गंगटोक-बागडोगरा एरवी साडेचार-पाच तास, पण तीस्तेच्या काठचा एनएच १० बंद झाला की लाव्हा-गोरुबथान वरून फिरून यावं लागतं आणि मग तासांचा हिशोब देवाला.

## ५. शेअर सुमो, म्हणजे खरी सार्वजनिक वाहतूक

डोंगरात बस आहेत पण माणसं फिरतात ती सुमोने. (गाडी बोलेरो किंवा विंगर असली तरी म्हणायचं सुमोच.) पद्धत ठरलेली आहे:

१) आदल्या दिवशी दुपारी काऊंटरवर जाऊन सीट बुक करा. स्टँडवर सकाळी जाऊन मिळेल ही अपेक्षा ठेवली की मागची कडेची सीट मिळते, गुडघे हनुवटीला.

२) पहिली पसंती ड्रायव्हरशेजारची खिडकी, दुसरी मधल्या रांगेतली खिडकी. गाडी लागणाऱ्यांनी जास्तीचे पैसे देऊन पुढचीच घ्यावी. दोघंजण असाल तर तीन सीट घेणं हा चैनीचा भाग नाही, आठ तासांच्या रस्त्यावर तो शहाणपणा आहे.

३) सुटायची वेळ पहाटे पाच-सहा. दुपारी बारानंतर लांबच्या गावाला गाडी मिळेल असं धरू नका.

४) बॅग टपावर. आतून प्लास्टिक लावा, वर ताडपत्री टाकतात पण धूळ आणि पाऊस आपली वाट काढतातच. कॅमेरा, औषधं, परमिट मांडीवर.

पूर्ण गाडी ठरवायची असेल तर तोंडी नको, चार गोष्टी मेसेजवर लिहून घ्या: डिझेल धरून का, ड्रायव्हरचं राहणं-खाणं कोणाकडे, रिकामी परत जायचे पैसे लागणार का, आणि गाडीला त्या राज्यात शिरायचा परवाना आहे का. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. आसाम पासिंगची टॅक्सी शिलाँगला सोडेल, पण पुढे सोहरा (म्हणजे चेरापुंजी), डावकी फिरवण्यावरून स्थानिक टॅक्सीवाल्यांशी वाद होत असतात. बुमला आणि नथुलाला तर स्थानिकच गाडी. म्हणून शिलाँगपर्यंत एक, पुढे दुसरी, असं मोकळेपणाने ठरवा.

सावधान, रविवार: मिझोराम, नागालँड आणि मेघालयाच्या बऱ्याच भागात रविवारी चर्च असतं, दुकानं बंद, सुमो जवळपास नाहीतच. मिझोराममध्ये तर रविवारचा प्रवास खोडूनच टाका, तो दिवस एका जागी राहायचा ठेवा.

## ६. घड्याळ दोन तास पुढे सरकवा

इथे सूर्य आपल्यापेक्षा खूप लवकर उगवतो आणि मावळतो, घड्याळ मात्र तेच. जूनमध्ये पहाटे साडेचारला लख्ख उजेड, डिसेंबरात संध्याकाळी साडेचारला अंधार पडायला लागतो. चहाच्या मळ्यांत म्हणूनच "बागान टाइम" चालतो, एक तास पुढचा. आपल्याकडच्या सवयीने नाश्ता करून साडेनऊला निघालात तर उजेडाचे सातच तास उरतात आणि जेवण, फोटो, चेकपोस्ट धरून गाव अंधारात येतं. सहाला निघा, तीनला पोचा. अंधारात डोंगरात गाडी नको. काझीरंगाच्या पट्ट्यातही रात्री नको, तिथे प्राणी रस्ता ओलांडतात आणि पुराच्या दिवसांत वेगावर मर्यादा घालून गाड्या मोजून सोडतात.

माजुलीला जाणाऱ्यांनी जोरहाटच्या निमाती घाटावर दुपारपर्यंत पोचायचं. शेवटची फेरी दुपारीच सुटते, ऋतूप्रमाणे वेळ बदलते, आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारा.

## ७. चालणारे तीन प्लॅन

तवांग, नऊ दिवस. गुवाहाटीला उतरून तेजपूर किंवा भालुकपोंगला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दिरांग, बोमडिला वाटेत बघून. दिरांगची रात्र टाळू नका, ते पाच हजार फुटांच्या आसपास आहे आणि तवांग दहा हजारांवर, शरीराला पायरी मिळते. तिसऱ्या दिवशी सेला ओलांडून तवांग. चौथा दिवस मठ आणि गाव, आणि त्याच दिवशी सकाळी बुमलाच्या परवान्याचे कागद हॉटेलवाल्याकडे किंवा ड्रायव्हरकडे द्या, कारण परवाना आदल्या दिवशी लागतो. पाचवा बुमला, पंधरा हजार फूट, पळापळ करू नका, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. सहावा दिरांग किंवा बोमडिला, सातवा तेजपूर. आठवा राखीव. नववा गुवाहाटी आणि विमान. परतताना बदल म्हणून रूपा-कलाकतांग-भैरवकुंडचा रस्ता घेता येतो, तो आधी विचारून.

हा राखीव दिवस काढून त्यात काझीरंगा घुसवायचा मोह सगळ्यांना होतो. घुसवा, पण परत येताना, जाताना नाही. वर अडकलात तर काझीरंगा सोडता येतं, फ्लाइट नाही.

मेघालय आणि काझीरंगा, आठ दिवस. गुवाहाटी-शिलाँग, दोन रात्री सोहरा, एक डावकीकडे, मग शिलाँग सोडून थेट काझीरंगाच्या कोहोराला दोन रात्री, आणि बाहेर पडताना जोरहाट. लोक परत गुवाहाटीला येऊन मग काझीरंगा करतात, उगाच. शिलाँगहून खाली उतरल्यावर जोराबाटलाच पूर्वेला वळायचं.

नागालँड आणि वरचं आसाम, नऊ-दहा दिवस. विमानाने दिमापूर, तीन-चार दिवस कोहिमा, परत दिमापूर, रेल्वेने मरियानी, माजुली, शिवसागर, दिब्रुगढहून घरी. हॉर्नबिल फेस्टिव्हल (१ ते १० डिसेंबर, किसामा) गाठायचा असेल तर आधी राहायची जागा बघा, मग तिकीट. इतर वेळी उलटा क्रम चालतो, तेव्हा नाही.

## ८. निघायच्या आठवड्यात

रोख पैसे मैदानातल्या शेवटच्या शहरात काढा. यूपीआय गावोगावी पोचलंय पण रेंज गेली की तेही गेलं. आपलं प्रीपेड सिम तिथे चालतं, तरी ग्रुपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. स्वतः गाडी किंवा बाइक चालवणाऱ्यांनी टाकी अर्धी झाली की भरायची, पुढचा पंप चालू असेल या भरवशावर नाही, आणि भाड्याची बाइक असेल तर आरसीची प्रत, मालकाचं पत्र, पीयूसी सगळं बरोबर.

तिथली बातमी रोज दहा मिनिटं बघा. बंद पुकारला की गाड्या खरंच थांबतात, पर्यटक म्हणून सूट मिळेल असं धरू नका. बंदच्या दिवशी ड्रायव्हर नाही म्हणाला तर जास्त पैसे देऊन त्याला तयार करू नका, काच फुटते ती त्याच्या गाडीची.

हॉटेलं बुक करताना पहिली आणि शेवटची रात्र पक्की करा, मधल्या रात्री फ्री कॅन्सलेशनवाल्या. आणि डोंगरातल्या प्रत्येक मुक्कामाच्या मालकाचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, पुढचा रस्ता चालू आहे का हे ॲपपेक्षा तोच आधी सांगतो. पहाटे निघायच्या आदल्या रात्री एक फोन त्याला करा.